सहावा चमचा

धारूर, कॉलेजची लायब्ररी
५ नोव्हेंबर

वैष्णवीताई,

आधी भांडण, बाकीचं मग. चमचा तूच नेलास ना?

शोकेसमध्ये सहा होते, आता पाच आहेत. आई रडता रडता येईल त्याला सांगते, "माझ्या लेकीनं गुंजभर सोनं न्हाई नेलं, हातातल्या बांगड्या सुदिक काढून ठिवल्या." आबा म्हणतात, "इज्जत नेली, आता सोनं काय चाटायचं?" मी गुपचूप शोकेस उघडली आणि चमचे दोनदा मोजले. त्यातून नेलास तो नेमका कोणता? ज्याच्या कडेवर तुझ्या दुधाच्या दातांच्या तीन खुणा आहेत तो!

तू त्यानं वरणभात खायचीस म्हणून नेलास, मला माहीत आहे. पण ताई, तो काय आहे हे तुला माहीत आहे का? थांब, सांगते. रामहरीकाका घड्याळं दुरुस्त करताना डोळ्याला भिंग लावतात ना, तसलं एक मी त्यांच्याकडून आणलंय. दांड्याच्या मागं, तू ज्याला घासणीचे ओरखडे म्हणायचीस, तिथं बारीक बारीक शिक्के आहेत. एक बनवणाऱ्याच्या नावाची अक्षरं. एक चालणारा सिंह, म्हणजे चांदी अस्सल. एक बिबट्याचं तोंड, म्हणजे लंडनला तपासलेली. एक छोटा एन, म्हणजे साल १८६८. आणि शेवटी राणीचं डोकं, म्हणजे सरकारचा कर भरलेला. तिळाएवढं डोकं, आणि त्यात केसांची गाठ पण दिसते! मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी एवढी ओरडले की आईला वाटलं विंचू चावला.

आबा सांगतात, किल्ल्यावर उतरलेल्या इंग्रज साहेबानं खूश होऊन पणजोबांना बक्षीस दिले. बक्षीस म्हणून चमचे कोण देतं गं? ढापले असणार. पण ढापले तरी सहाच्या सहा ढापले. सेट नाही तोडला. तू तोडलास. लखनबरोबर गेलीस ते तुझं तू बघ, पण सेट तोडायचा नसतो.

हे पत्र ताराबाईंच्या पत्त्यावर टाकतेय. त्यांनी निरोप दिलाता की अंबाजोगाईच्या तुझ्या हॉस्टेलच्या मेसवर पत्र आलं तर त्या तुझ्यापर्यंत पोचवतील. तुझा पत्ता मला नको. मला माहीतच नाही ते माझ्याकडून कोण काढून घेणार? तू उत्तर लिहू नको, पोस्टमन सगळं टपाल आबांच्या हातात देतो. फोनचं तर नावच काढू नको. दादा रोज माझा फोन चाळतो. चमच्यांचेच फोटो दिसतात, मग जांभई देऊन परत करतो.

बाकी सगळं ठीक. तुझे सासरे, म्हाळूमामा, आता मेंढरांमागं जात नाहीत. वय झालं ना त्यांचं.

तुझी,
ऋतुजा

धारूर, लायब्ररी
१८ नोव्हेंबर

ताई,

केजला गेलते, भंगारवाल्याकडं. त्याच्या डब्यात नटबोल्ट, कुलपं, मोडक्या समया, आणि त्यात तळाला एक इवलासा चमचा. बोटाएवढा. मी उचलला तर म्हणतो, "पोरी, ही साहेबाची कानकोरणी हाय."

मी म्हटलं, "काका, एवढा मोठा कान कुणाचा असतो?"

"साहेबाचा. त्येंला आपलं बोलणं ऐकू येत न्हवतं, म्हणून."

ताई, तो मोहरीचा चमचा आहे! इंग्रज लोक मांसाबरोबर मोहरीची चटणी खायचे, तिच्यासाठी वेगळा. सिंह आहे, राणी आहे. मी एसटीत बसून अख्खा रस्ता भिंगातून बघत आले. शेजारची बाई म्हणाली, डोळं यायला लागलेत का? आता माझ्याकडं पाच मोठे, हा एक, आणि संभाजीनगरहून आणलेला साखरेचा चिमटा. आमचा ऑनलाईन ग्रुप पण आहे, कुठून कुठून लोक फोटो टाकतात. मी त्यात सगळ्यात लहान.

हे सगळं मी आधी लिहिलं कारण पुढचं लिहायचं नव्हतं.

मागच्या पत्रात म्हाळूमामांबद्दल खोटं लिहिलं. वय नाही झालं. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा मला कॉलेजला सोडायला निघालता. उत्तरेश्वर पण होता, दादाच्या मागं मागं असतोच तो. घाट चढायच्या आधी जीप शेतात घातली. मामांनी त्या शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती, जाळीच्या आत. सारजाबाई चुलीपाशी होत्या. मला बघून हसल्या, ताई. त्यांना वाटलं मी दूध प्यायला आले, पहिल्यासारखी.

दादा म्हणाला, "तुझं पोरगं कुठाय?"

मामा म्हणाले, "मालक, मला ठावं असतं तर कान धरून तुमच्या पायावर आणून घातलं असतं."

दादानं जीपमधून चाकं खोलायची टॉमी काढली. पहिला मार गुडघ्यावर बसला. मामा ओरडले नाहीत, खाली बसले, जसं काही जेवायला बसले. मग दादा मारतच राहिला, त्याच पायावर, एकाच जागी. उत्तरेश्वरनं कोयत्यानं जाळी तोडली, आणि मेंढरं पळायला लागली तशी जी हाताला लागेल ती कापली. हसत होता. "दाद्या, बघ बे, ही तर गाभण निघाली." सारजाबाई मधे पडल्या तर त्यांना केसाला धरून चुलीकडं ओढलं. त्यांचा हात भाजला.

मी जीपमध्ये बसून होते. युनिफॉर्मवर, दप्तर मांडीवर. सारजाबाईंनी एकदाच माझ्याकडं बघितलं.

मग दादा परत आला, टॉमी पायाखाली टाकली आणि मला कॉलेजला सोडलं. पहिला तास इंग्लिशचा होता.

मामांचा पाय दवाखान्यात जुळवला, पण वाकडा. पोलिसात त्यांनी सांगितलं, बैलगाडीखाली आला. आता सारजाबाईंचा भाऊ मेंढरं राखतो.

लखनला सांग किंवा नको सांगू. तुला माहीत असलेलं बरं, म्हणून लिहिलं.

ऋतुजा

घर
२९ नोव्हेंबर

ताई, पळ.

हे पत्र कसं पोचणार मला माहीत नाही, तरी आधी तेच लिहिते. पळ. मिरज सोड.

काल संध्याकाळी सगळे जेवायला बसलो होतो. माझा फोन ताटाशेजारी होता, ग्रुपवर बघत होते. मिरजेच्या एका दुकानदारानं फोटो टाकलाता. "जुना विलायती चमचा, चांदी, कडेला थोडं नुकसान." नुकसान! मी फोटो मोठा केला. तीन खुणा. दोन जवळ, एक लांब, कारण तुझा मधला दात तेव्हा पडलाता.

मी विचार केला नाही, ताई. हरवलेली गाय बाजारात दिसल्यावर माणूस तिचं नाव घेऊन हाक मारतो ना, तशी ओरडले, "आबा, आपला सहावा चमचा! हे बघा, ताईचे दात!"

कुणाचाच घास तोंडाकडं गेला नाही. मग मला कळलं मी काय बोलले.

दादानं हात पुढं केला. "बघू."

"दुसराच असंल, दादा."

"बघू म्हणलो ना."

फोन घेतला. "कुठला हाय ह्यो?"

"इंग्लंडचा."

"चमचा न्हाई इचारला. दुकान." मग त्यानंच वाचलं. एकेक अक्षर, पहिलीतल्या पोरासारखं. "मि. र. ज."

मी म्हटलं, अरे दुकानदार कुठून पण माल घेतात, मुंबईहून, हैदराबादहून, काही पण. त्यानं तोच फोन माझ्या तोंडावर मारला. ओठ फाटलाय. लिहिताना रक्त पडलं तर घाबरू नको, ते ओठाचंच आहे.

आबांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "अमरसिंह, जेवून घे. सकाळी निघ."

आई म्हणाली, "अवं, लेकरू हाय आपलं."

आबांनी तांब्या फेकला. आईच्या कपाळाला लागला. ती तशीच बसून राहिली, डोळ्यात रक्त येतंय आणि हातात भाकरी. आबा म्हणाले, "म्हैन्यावर पंचायत समितीचं इलेक्शन हाय. पारावर पोरं मागून हासतेत, धोंडीरामाला सोताचं घर न्हाई राखता आलं, गण काय राखतो म्हणून. माझ्यासमोर मुजरा घालणारे लोक, केशरबाई." मग दादाकडं बघून, "रिकाम्या हातानं आलास तर दारात उभा ऱ्हाऊ नको. ती गेल्याची खूण घेऊन ये."

पहाटे मी विळा घेतला आणि जीपची पुढची दोन्ही चाकं फाडली. विळा चाकात अडकला आणि मी ओढत बसले, तेवढ्यात उत्तरेश्वर आला. दादानं मला वेणीला धरून अंगणातून कडब्याच्या खोलीपर्यंत ओढत आणलं आणि बाहेरून कडी लावली. मग उत्तरेश्वरच्या मेव्हण्याची गाडी मागवली. ती यायला दुपार झाली. तेवढीच माझी मदत.

तू तो चमचा विकलास म्हणजे घरात दुसरं काहीच उरलं नसणार. फोटो बघितल्यावर मला आधी हे सुचायला पाहिजे होतं. मला दात दिसले.

कॉलेज बंद. हे पत्र कडब्यात लपवतेय. ताई, पळ ना गं.

घर
३ डिसेंबर

हे आता तुलाच लिहितेय की कुणाला, कळत नाही.

दादा आला. शर्टवर रक्त, वाळून काळं पडलेलं. मला बाहेर काढलंय, कारण आता मला कोंडून काय करायचं?

उत्तरेश्वर गाडीतून उतरायच्या आधीच बोलायला लागला. "आबा, म्या खाली गाडीतच होतो, कुणी आलं तर हारन द्यायला. पर आवाज आला मला. एकदाच. मंग काय न्हाई."

आबांनी दादाला विचारलं, "ती?"

"मागल्या जिन्यानं नेली, नदीत."

"आन् ते पोरगं?"

"त्याला सांगायला तोंड राह्यलं न्हाई."

मग दादानं खिशातून चमचा काढला आणि आबांसमोर ठेवला. "खूण."

आबांनी तो उचलला. कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग उठले, शोकेस उघडली, आणि तो बाकीच्या पाचांशेजारी नीट ठेवला. दांडे एका रेषेत. सेट पुरा झाला. मी किती दिवस देवाकडं हेच मागत होते.

आई जमिनीवर डोकं आपटत होती आणि आवाज होऊ नये म्हणून पदर तोंडात कोंबला होता. शेजारी ऐकू जाईल ना.

मी दिवसभर शोकेसकडं बघितलं नाही. आज दुपारी सगळे झोपले. मला फक्त एकदा तुझे दात बघायचे होते, बास. भिंग लावलं.

दात नव्हते.

तीन खाचा आहेत, दोन जवळ, एक लांब. जेवताना दादानं माझ्याच फोनवर बघितलेल्या, बरोबर तशाच. पण प्रत्येक खाचेत बारीक आडव्या रेघा आहेत. ताई, पोरांच्या दातांना रेघा नसतात. पकडीला असतात.

मी चमचा उलटा केला. सिंह होता. बिबट्या होता. साल दुसरंच. आणि राणीचं डोकं नव्हतं. सरकारनं तो कर बंद केला, त्यानंतरचा चमचा आहे हा. तसाच आकार, तसाच दांडा, पण आपला नाही. कुठल्यातरी दुकानात बघून उचललाय.

ह्या वेळी मी ओरडले नाही. मूठ तोंडात घातली आणि चावली. माझ्या हातावर आत्ता खऱ्या दातांच्या खुणा आहेत.

घर
१४ डिसेंबर

ताई,

मधे लिहिलं नाही कारण तू जिवंत आहेस असं मानायची हिंमत नव्हती. चमचा खोटा म्हणजे नुसता चमचा खोटा. तू तो आधीच विकलाता, तुझ्या घरात तो सापडणारच नव्हता, आणि दुकानातून तोवर कुणीतरी नेला असणार. दादानं तुला मारलं आणि आबांना दाखवायला मिळेल तो चमचा आणला, असं पण असू शकतं. मी रोज ह्या बाजूनं, त्या बाजूनं विचार करत होते. आणि घरात तुझ्या दहाव्याची तयारी चालू होती.

गावाला सांगितलं, ‘पोरगी आमच्यासाठी मेली, म्हणून विधी.’ असं लोक करतातच, कुणाला नवल वाटलं नाही. घरातल्यांना माहीत की नुसतं आमच्यासाठी नाही. तहसीलमधले लोक आले, आबांच्या पाया पडून गेले. कुणीतरी म्हणालं, "साहेब, असा बाप पायजे." आबांनी हात जोडले.

पिंड ठेवला. मला वाटलं, आता बघू. जिवंत माणसाच्या पिंडाला कावळा कसा शिवतो? मी वर झाडाकडं बघत उभी राहिले, आणि मनात म्हणत होते, येऊ नको, येऊ नको. पहिलाच कावळा आला आणि पानावरनं पाणी फिरवायच्या आत भाताचा गोळाच उचलला. सगळे म्हणाले, सुटली बिचारी.

मग मी थेट दादाकडं गेले. तो मोटारीच्या पाण्यानं जीप धूत होता.

"दादा, राणीचं डोकं नाही त्याच्यावर."

"कसलं डोकं?"

"चमच्यावर. आपल्या पाचांवर आहे, तू आणलेल्यावर नाही. आणि खुणा पकडीच्या आहेत."

त्यानं पाईप टाकला, माझी मान धरली आणि तोंड बॉनेटवर दाबलं. गाडी नुकतीच आलेली, इंजिनानं पत्रा तापलाता. "आबाला बोललीस?"

"नाही."

"आईला?"

"नाही."

"कावून न्हाई?"

"आधी तू सांग. मारलंस का?"

पाईप जमिनीवर सापासारखा उड्या मारत होता, आम्ही दोघं भिजत होतो. त्याचा हात सैल झाला नाही. पण तो बोलला. तुला हे माहीतच आहे, तू तिथं होतीस. त्याच्या तोंडून कसं आलं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

"पोटुशी हाय ती," तो म्हणाला. "लखन्याला हाणत होतो, दात पडस्तोर हाणला. ती मधी येऊन उभी ऱ्हायली. पोट म्होरं करून. रडली न्हाई, पाया पडली न्हाई. म्हणली, दादा, मोज. आता आमी तिघं हाओत." त्यानं दुसऱ्या हातानं तोंडावरचं पाणी पुसलं. "हात वर गेला व्हता माझा. खालीच येईना."

मला सोडलं. माझा गाल भाजला होता. मी म्हटलं, "मग म्हाळूमामांवर कसा आला?"

त्यानं पाईप उचलला आणि परत चाकं धुवायला लागला. मग पाठमोराच म्हणाला, "तू तिला लिहितीस. मला ठावं हाय. लिही तिला, दुसऱ्यांदा दिसली तर हात थांबंल असं न्हाई. ती मेलीय हे तिनं इसरू नये."

आणि जाताना, "आबा रोज शोकेस उघडून ते चमचे हातात घेतेत. तुला दिसलं ते त्येंला एक दिवस दिसंल. भिंग तर तूच दाखवलंस त्येंला, कवतिकानं."

ते खरं होतं. मीच आबांना राणी दाखवली होती, किती वेळा. ते म्हणायचे, आपली ऋतुजा म्यूझियम काढणार.

तुला माहीत आहे, आपल्याकडं कुणी अवचित गेलं की चांदीचा टाक करून देवघरात बसवतात, म्हणजे गेलेलं माणूस घराला त्रास देत नाही. आबांनी राधाकिशन सोनाराला बोलावलंच होतं, चांदी बाजारातून आणणार होते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"आबा, बाजारची कशाला? आपल्याच चमच्यांची करा. सहाच्या सहा. ताईचा हात लागलेली चांदी आहे."

आबा माझ्याकडं बघत राहिले. "तुझा जीव हाय ना त्येच्यात?"

"आहे म्हणूनच म्हणतेय."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ताई, त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. मी शोकेस उघडायला उठले.

राधाकिशनकाकांनी अंगणातच शेगडी मांडली. सोनार चांदी नेऊन बदलेल म्हणून आपल्याकडं दारातच वितळवून घेतात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आबा खुर्चीवर, दादा भिंतीला टेकून. काकांनी एकेक चमचा हातात घेऊन, उलटा करून, मुशीत सोडायला सुरुवात केली. सवय असते त्यांना. एक, दोन, तीन. मग तो हातात आला. उलटा केला. परत सुलटा केला. उरलेल्या एकाशेजारी धरला.

"आबासाहेब, ह्यो एक जरा..."

दादा भिंतीपासून सरळ झाला.

मी पुढं होऊन ओंजळ रिकामी केली. मोहरीचा चमचा, साखरेचा चिमटा, सगळं. "काका, हे पण घ्या. कमी पडायला नको."

काकांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. गालावर फोड होता, ओठावर खपली. मग दादाकडं बघितलं. "टाकाला एवढी लागत न्हाई, बाई," ते हळूच म्हणाले.

"मोठा करा," आबा म्हणाले.

"बरं." आणि तो चमचा त्यांनी हातातून सोडला.

मी शेवटपर्यंत बघितलं. चांदी एकदम वितळत नाही. आधी चमचे एकमेकांवर रेलतात, मग कडा घाम आल्यासारख्या होतात. भिंग नव्हतं तरी मला शिक्के दिसत होते. सिंह गेला. बिबट्या गेला. १८६८ गेलं. राणी गेली. खोटा आणि खरे सगळे एकच पाणी झाले, आरशासारखं, आणि त्याच्यात आता कुणाला काहीच सापडणार नाही. मी एवढी रडले की आबांनी मला पोटाशी धरलं.

टाकावर बाई आहे. काकांकडं बाईचा एकच ठसा आहे, गावातल्या सगळ्या मेलेल्या बायकांना तोच. नाकात नथ. तू जन्मात नथ घातली नाहीस. आई रोज सकाळी तिला पाण्यानं अंघोळ घालते, मऊ कापडानं पुसते आणि म्हणते, "थंडी वाजती का गं वैशे?" मी शेजारी बसून वाती वळते. मला रोज वाटतं सांगावं. आईला सांगितलं तर ती हसेल, आणि ती हसली की आबांना कळेल. म्हणून सांगत नाही. हे न सांगणं चमचे देण्यापेक्षा अवघड आहे.

आज दादा मला सामान आणायला धारूरला घेऊन चाललाय. काल म्हणाला, "बाजारात पेटीपाशी गाडी थांबवीन. मी म्होरं बघत बसंन. काय टाकायचं ते टाक. पुन्यांदा न्हाई." तो हे म्हणतोय ते मायेनं की भीतीनं, मला कळत नाही. त्याच्या जीपमध्ये अजून तीच टॉमी आहे, पायाखाली. टाकायची राहिलेली सगळी पत्रं एका पाकिटात घातलीत. हे शेवटचं.

मिरज सोडलं असशील. नसशील तर सोड. जिथं जाशील तिथलं मला सांगू नको, ताराबाईंना पण नको. लखनचे दात बसवून घे. त्याला सांग, त्याच्या आईच्या हाताची जखम भरलीय, मी लांबून बघितली.

मी आता काही गोळा करत नाही. हौस गेली असं नाही. ग्रुपवर कुणी राणी दाखवली की अजून हात शिवशिवतो. पण जुन्या चांदीचं एक वाईट असतं, ताई. ती मऊ असते. तिला कोण चावलं ते ती दीडशे वर्षं विसरत नाही.

म्हणून बाळाला दात यायला लागले, की त्याला चावायला स्टीलचा चमचा दे. बाजारातला, कसला पण. त्याच्यावर कुणाचीच खूण उमटत नाही.

ऋतुजा